प्रश्नमंजूषेसाठी कोणती पुस्तकं वाचावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी प्रश्नमंजूषा असते आणि ती घेण्याचं काम माझ्याकडे आहे. टीव्हीवर ‘कौन बनेगा करोडपती’ किंवा ‘कोण होणार करोडपती’ची नोंदणी सुरू झाली, की संदर्भ विभागातल्या माझ्या टेबलापाशी माणसं येतात. कुणी शिक्षक, कुणी किराणा दुकानदार, कुणी बारावीचा मुलगा. माणसं वेगळी, प्रश्न मात्र बहुतेक तेच. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

एकच पुस्तक सांगा. सगळ्यात चांगलं कोणतं?

असं एक पुस्तक नाही. पण दोनच गोष्टी घेता येणार असतील तर पाचवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं घ्या आणि एक चांगला नकाशासंग्रह घ्या. हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. त्यांना हजार पानांचं, वर सोनेरी अक्षरं असलेलं काहीतरी हवं असतं. माझा आग्रह तरीही पाठ्यपुस्तकांचाच राहील.

शाळेची पुस्तकं कशाला? ती तर वाचून झालीत.

परीक्षेसाठी वाचलीत. आता परीक्षा नाही, तेव्हा ती वेगळी दिसतील. सातवी-आठवीचं भूगोलाचं पुस्तक उघडा. सह्याद्री नैऋत्य मोसमी वाऱ्यांना अडवतो, ढग वर चढतात, थंड होतात आणि महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो. घाट उतरून वाईच्या पुढे पूर्वेला जात राहिलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो आणि माण-खटावात दुष्काळ दिसतो. याला पर्जन्यछाया म्हणतात. आता या एका सह्याद्रीवरून प्रश्न किती निघतात बघा: वाऱ्याची दिशा, कृष्णा अरबी समुद्राच्या इतकी जवळ उगम पावूनही बंगालच्या उपसागराला का मिळते, कोकणातल्या नद्या आखूड का, ज्वारी कुठे आणि भात कुठे. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात ही पाच वेगवेगळी उत्तरं पाठ करावी लागतात. इथे एकदा समजून घेतलं की झालं.

आणि समोर चार पर्याय असतात तेव्हा उत्तर नेमकं ठाऊक नसलं, तरी कारण ठाऊक असेल तर दोन पर्याय आपोआप गळतात. खेळ तिथेच वाचतो.

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ‘केबीसी’ची तयारी असेल तर एनसीईआरटीची इतिहास-भूगोलाचीही पाहा. शिवकाळ आणि महाराष्ट्राचा इतिहास बालभारतीत जवळून कळतो. चोळ, अहोम, विजयनगर यांच्यासाठी एनसीईआरटीची जोड लागते. भूगोल, इतिहास, विज्ञान, नागरिकशास्त्र या क्रमानं वाचा, कारण इतिहास कळायला आधी जागा कुठे आहे ते कळावं लागतं.

नकाशासंग्रहाचा प्रत्यक्ष उपयोग काय?

सगळ्यात आधी लागतो तो क्रम लावण्याच्या फेरीत. नर्मदा, तापी, गोदावरी, कृष्णा, कावेरी हा उत्तरेकडून दक्षिणेकडचा क्रम. नकाशावर बोट फिरवलेल्या माणसाला हे सांगायला वेळ लागत नाही. पाठ केलेला माणूस घड्याळ सुरू झालं की अडखळतो. रोज एक पान घ्या, फक्त बघा, मग कोऱ्या कागदावर ढोबळ रेषांनी काढा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. कशाच्या वर काय आणि कशाच्या उजवीकडे काय, एवढंच हवं आहे.

मराठी विश्वकोशाचे वीस खंड आहेत. ते कसे वाचायचे?

पहिल्या पानापासून वाचायचे नाहीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत हे काम उभं राहिलं आणि पहिला खंड १९७६ साली आला. एका माणसानं सलग वाचावा म्हणून तो केलेलाच नाही. आपला प्रश्न घेऊन त्याच्याकडे जायचं.

आमच्याकडे घडलेलंच सांगतो. नववीतल्या एका मुलाचा पाऱ्यावरचा प्रश्न चुकला. सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा धातू कोणता, एवढा साधा प्रश्न होता. तो हिरमुसला. त्याला मी खंड काढून दिला आणि म्हटलं, नोंद वाच, शेवटी ‘पहा’ म्हणून जे दिलेलं असेल तेही वाच, आणि वाटेत जे जे आवडेल ते वहीत लिही. तासाभरानं त्याच्या वहीत होतं: पारा, मग तो ज्यातून काढतात तो हिंगूळ, मग तापमापक, मग वायुदाबमापक, मग १६४३ साली पाऱ्याची नळी उलटी धरून हवेलाही दाब असतो हे दाखवणारा टोरिचेल्ली, आणि समुद्रसपाटीवरचा ७६० मिलिमीटरचा आकडा. पाऱ्याची रासायनिक खूण ‘एचजी’ का, हेही त्यानं शोधलं: ग्रीकमध्ये ‘पाण्यासारखी चांदी’ अशा अर्थाचा शब्द आहे, त्यावरून. एका चुकलेल्या उत्तरातून सहा पक्की उत्तरं आली, आणि ती त्याची स्वतःची होती.

एक सावधगिरी मात्र हवी. छापील खंडांतले लोकसंख्या, उत्पादन, राजकीय सीमा यांचे आकडे त्या त्या खंडाच्या काळातले आहेत. विज्ञानाचं मूळ, इतिहास, चरित्रं, कला यांच्यासाठी खंड बिनधास्त वापरा. आकड्यांसाठी नको. संपूर्ण विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, तेव्हा गावात वाचनालय नसेल तरी अडत नाही.

केतकरांचा ज्ञानकोश चालेल का?

प्रश्नमंजूषेसाठी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात तेवीस खंड पुरे केले. त्या काळात, तुटपुंज्या साधनांत, मराठीत एवढं काम झालं हे मनात आलं की मला आजही भरून येतं. जमेल तेव्हा जरूर चाळा. पण शंभर वर्षांपूर्वीची माहिती घेऊन खुर्चीवर बसू नका.

पुराणावरचे प्रश्न नेहमी अडवतात. काय वाचावं?

इथे मराठी वाचक भाग्यवान आहे. पंडित महादेवशास्त्री जोशींचा दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश ही दोन कामं हाताशी असली की क्वचितच अडतं. पण कोश पुढचा टप्पा. आधी रामायण आणि महाभारत, लहान मुलांसाठी लिहिलेलं का होईना, एकदा सलग वाचा. मग तपशिलाकडे वळा.

तपशील म्हणजे कसा? गीतेच्या पहिल्या अध्यायात लागोपाठच्या दोन श्लोकांत सगळे शंख येतात: कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौण्ड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक. घरात आजी-आजोबा गीता म्हणत असतील तर त्यांच्याकडून हे दोन श्लोक चालीवर ऐका. चालीवर आलेलं विसरत नाही. अज्ञातवासातली नावंही अशीच एकत्र बसवायची. युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा आणि द्रौपदी सैरंध्री. सगळं विराटाच्या घरात घडलं, म्हणजे विराटपर्व. पर्वाचं नाव आणि प्रसंग सोबत ठेवले की प्रश्न कुठूनही आला तरी सापडतो.

याच्या जोडीला घरातलं कॅलेंडर वाचा. चैत्राची पौर्णिमा चित्रा नक्षत्राजवळ, कार्तिकाची कृत्तिकांजवळ, पौषाची पुष्याजवळ, माघाची मघांजवळ. महिन्यांना नावं तिथून मिळाली. भिंतीवर रोज समोर असतं, फक्त आपण तारीख आणि गॅसची नोंद बघून पुढे जातो.

दहा हजार प्रश्न असलेली जाडजूड पुस्तकं घ्यावीत की नाही?

सरावासाठी एक घ्या. अभ्यासासाठी घेऊ नका. या पुस्तकांची मोठी अडचण अशी, की ती एकमेकांवरून उतरवलेली असतात आणि एकाची चूक सगळ्यांत जाते.

याची एक गाजलेली गोष्ट अमेरिकेत घडली. फ्रेड वर्थ या लेखकानं अशाच माहितीचा कोश केला होता. आपली माहिती कुणी उचलली तर कळावं म्हणून त्यानं मुद्दाम एक खोटी नोंद पेरली: टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव ‘फिलिप’. पुढे ‘ट्रिव्हियल परसूट’ या बैठ्या खेळात हेच उत्तर छापून आलं. वर्थनं १९८४ साली ३० कोटी डॉलरचा दावा लावला आणि तो हरला, कारण वस्तुस्थितीवर कुणाची मालकी नसते, असं न्यायालयाचं मत पडलं. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच आहे. ज्यानं ते उत्तर पाठ केलं असेल, त्यानं जगात नसलेली गोष्ट पाठ केली.

आपल्याकडे अशी उदाहरणं रोज भेटतात. आमच्या वाचनालयात येणारी आठवीतली एक मुलगी एका आंतरशालेय स्पर्धेला गेली होती. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, असं विचारलं. तिनं उभं राहून सांगितलं, अधिकृतपणे कोणताच जाहीर झालेला नाही. परीक्षकांनी हातातलं पुस्तक पाहिलं, ‘हॉकी’ म्हणाले आणि शून्य दिलं. मुलीचं उत्तर बरोबर होतं. केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं २०१२ साली माहिती अधिकारातल्या एका अर्जाला हेच उत्तर दिलं आहे. ती घरी जाईपर्यंत बोलली नाही. मला त्या शून्याचं आजही वाईट वाटतं, आणि पुस्तकं निवडताना मी इतका कडक का, याचं ते एक कारण आहे. तसंच हिंदीचं. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमात हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द तिथे नाही.

‘पहिली’, ‘पहिला’ असे प्रश्न नेहमी चुकतात. उपाय?

प्रश्नातला प्रत्येक शब्द वाचायचा. पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण, हाच प्रश्न घ्या. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनी वैद्यकीय शिक्षण पुरं केलं आणि पुढे अनेक वर्षं रुग्ण तपासले. आनंदीबाईंना ते भाग्य लाभलं नाही, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधीच त्या गेल्या. म्हणजे प्रश्नात ‘परदेशात पदवी’ आहे की ‘प्रत्यक्ष व्यवसाय’, यावर उत्तर फिरतं.

सिनेमाचंही तसंच. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मे १९१३ चा. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याआधी, मे १९१२ मध्ये दाखवला गेला. पण तो नाटकाचं चित्रण होता आणि कॅमेरामन इंग्रज होता, म्हणून पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथाचित्रपट हा मान हरिश्चंद्राला मिळतो. अशा जोड्या वहीत समोरासमोर लिहा, मधे रेघ मारा आणि फरक एका ओळीत नोंदवा.

जुनी आवृत्ती रद्दीत स्वस्त मिळते. घेऊ का?

पाठ्यपुस्तकं, चरित्रं, पुराणं यांची बिनधास्त घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनचा पदपथ यासाठीच आहेत. राज्यव्यवस्था आणि आकडेवारीची घेऊ नका, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. त्याआधीच्या पुस्तकांत ३५ दिसतील. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं तर अगदी अलीकडची. देशात आता २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. २०१४ मध्ये तेलंगण, २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर आणि लडाख, २०२० मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचं एकत्रीकरण, हे सगळं जुन्या पुस्तकात कुठून येणार? विज्ञानातही प्लूटो २००६ पासून ग्रहांच्या यादीत नाही आणि २०१६ मध्ये चार नवी नावं आल्यावर आवर्तसारणीतल्या सगळ्या ११८ मूलद्रव्यांना नाव मिळालं.

इयर बुक घ्यावं का?

दर वर्षी नवं घ्या, मनोरमाचं चांगलं आहे. सरकारी योजना, मंत्रालयं, संस्था यांच्यासाठी केंद्राच्या प्रकाशन विभागाचा ‘भारत’ हा हिंदी-इंग्रजीतला वार्षिक ग्रंथ भरवशाचा. पण इयर बुक कादंबरीसारखं वाचू नका, डोकं शिणतं. पुरस्कारांची यादी घ्या आणि ओळखीच्या नावांपासून सुरुवात करा. ज्ञानपीठ म्हटलं की आधी आपले वि. स. खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा करंदीकर २००३, भालचंद्र नेमाडे २०१४. ही चार पक्की झाली की इतर भाषांतली नावं त्यांच्या मागेपुढे बसवता येतात.

आणि रेकॉर्डची पुस्तकं?

आनंदासाठी. गिनेसच्या पुस्तकाचा जन्मच एका वादातून झाला. गिनेस ब्रुअरीचे ह्यू बीव्हर १९५१ साली आयर्लंडमध्ये शिकारीला गेले असताना ज्यांची शिकार करतात त्या पक्ष्यांत युरोपात सगळ्यात वेगानं उडणारा कोणता, यावर मित्रांत वाद झाला आणि तो मिटवणारं पुस्तकच कुठे मिळेना. १९५५ मध्ये मग ते आलं. मुलांना वाचनाकडे ओढायला याच्यासारखं पुस्तक नाही. पण विक्रम मोडतात, त्यामुळे पाठ करण्यात अर्थ नाही.

मी मराठी माध्यमाचा. हिंदी ‘केबीसी’त भाषेची अडचण येईल का?

येते, आणि ती पुस्तकानं सुटते. हिंदीत ‘चेचक’ म्हणजे आपली देवी. ‘नेवला’ म्हणजे मुंगूस. ‘अरुण ग्रह’ म्हणजे युरेनस, ज्याला आपण प्रजापती म्हणतो. ‘शिक्षा’ तर पार उलटी. प्राणी, पक्षी, झाडं, धातू, आजार, मसाले, ग्रह अशी हिंदी-मराठी शब्दांची यादी करा. एनसीईआरटीची विज्ञानाची पुस्तकं हिंदीत एकदा चाळली की अर्धी यादी तिथेच तयार होते. भाषेमुळे मागे राहू असं मनात आणू नका. २००० साली ‘केबीसी’चे पहिले करोडपती झालेले हर्षवर्धन नवाथे मुंबईचे, आणि २०१९ मध्ये एक कोटी जिंकलेल्या बबिता ताडे अमरावती जिल्ह्यात शाळेत खिचडी शिजवत होत्या.

मुलांसाठी काय आणावं?

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यासोबत ‘कुमार विश्वकोश’. मुलाला प्रश्न विचारू नका, त्याला तुम्हाला विचारू द्या. तुम्हाला अडकवायला तो दुप्पट वाचेल.

वाचलेलं लक्षात राहत नाही. काय करू?

वही. छापील पुस्तक कितीही चांगलं असलं तरी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या पानाची सर त्याला नाही. विषयवार रकाने पाडू नका. एक घटना मधोमध लिहा आणि तिच्याभोवती बाकीचं येऊ द्या.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. मधोमध लिहिलंय: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. खाली साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनांची नावं, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, ३४ किलोमीटर. डावीकडे कंपनी: ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आणि तिच्या उभारणीत असलेले नाना शंकरशेट. उजवीकडे जागा: बोरीबंदरला पुढे स्टीव्हन्सनं बांधलेली व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत, २००४ मध्ये जागतिक वारसा, आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. त्याखाली ३ फेब्रुवारी १९२५, देशातली पहिली विजेवरची गाडी, व्हीटी ते कुर्ला. आणि १ जून १९३०, दख्खनची राणी. कोपऱ्यात पेन्सिलनं नंतर घातलंय: १८३७ साली मद्रासजवळ रेड हिलची मालवाहू रेल्वे, म्हणून आपली ‘पहिली प्रवासी गाडी’ म्हणायची. हे पान मी एकदा बसून पाठ केलं नाही. पाच वर्षांत ते भरत गेलं.

दर रविवारी एक जुनं पान उघडा, हातानं झाकून मधल्या ओळीवरून बाकीचं आठवा. जे आठवलं नाही त्याखाली टिंब द्या. तीन टिंबं झाली की ते पुन्हा लिहायचं.

संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत. नोकरीमुळे वाचनालयात बसणंही जमत नाही.

विश्वकोश, बालभारती, ‘किशोर’ मोबाईलवर आहेत. तरी महिन्यातून एक सकाळ काढून या. कपाटापुढे उभं राहिलं की शेजारचा खंड हाताला लागतो आणि न शोधलेलं काहीतरी सापडतं. ग्रंथपालांना काय शोधताय ते सांगा, त्यांना आवडतं. गोव्यातल्या वाचकांना पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, त्याची स्थापना १८३२ सालची.

निवड झाली. आठवडाच उरलाय. आता कोणतं पुस्तक घेऊ?

नवं कुठलंच नको. सकाळी नकाशासंग्रहाची चार पानं, दुपारी गेल्या सहा महिन्यांच्या बातम्यांची टिपणं, संध्याकाळी वहीतली टिंबवाली पानं. रात्री घरच्यांना पर्याय वाचायला सांगा आणि प्रत्येक उत्तर का बरोबर आहे ते मोठ्यानं सांगत जा. आणि निघण्याआधी वही इथे टेबलावर आणून दाखवा, टिंबं राहिली असतील त्या ओळी आपण दोघं मिळून एकदा बघू.